वाचकांचे प्रश्न : होम ऑटोमेशनची कंपनी विक्रीनंतर पाठ का फिरवते?

स्विचबोर्डात बसणारी मॉड्यूल (बटणाचे काम फोनवरूनही करू देणारी छोटी सर्किट), टच पॅनल, ॲपवर चालणारे दिवे-पंखे-गीझर यांविषयी आलेल्या पत्रांत तक्रारीचा सूर एकच आहे. वस्तू कधीतरी बिघडणार हे लोक समजून घेतात. बिघडल्यावर कंपनी दाद देत नाही, याचा त्यांना संताप आहे. त्यातली काही पत्रे निवडून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वी सगळीकडे टच पॅनल बसवली. खर्च १ लाख ८० हजार. सुरुवातीला फोन करताच माणूस यायचा. आता हॉलमधले पॅनल आठवड्यातून दोनदा बंद पडते. तक्रार नोंदवली की मेसेज येतो आणि तीन दिवसांनी ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा दुसरा मेसेज येतो. मधल्या काळात कोणी फिरकत नाही. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला असे वागवून कंपनीला काय मिळते?
– निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : तुम्हाला टाळून तिला मिळत काहीच नाही. पण तुमच्याकडे माणूस पाठवला की तिच्या खिशातून पैसे जातात, आणि ते कुठून भरून काढायचे याची सोय तिने विक्रीच्या वेळी केलेली नसते. दुखण्याचे मूळ इथे आहे.

आकडे उदाहरणादाखल घेऊ. चार बटणांचे एक मॉड्यूल तुम्हाला ४,००० रुपयांना पडले. त्यातले सहाशेच्या वर जीएसटीत गेले. मग डीलरचा वाटा, बसवणाऱ्याची मजुरी, मालाची किंमत, जाहिरात, ऑफिसचे भाडे. हे सगळे वजा जाता बनवणाऱ्याच्या हाती चार-पाचशे उरले तरी चांगले. आता तंत्रज्ञाला तुमच्या घरी पाठवायचे तर त्याचा पगार, पेट्रोल आणि मोडलेला अर्धा दिवस धरून सात-आठशे लागतात. एका फेरीत दोन मॉड्यूलचा नफा संपला. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये दाबलेले बटण भाड्याच्या सर्व्हरला वळसा घालून तुमच्या दिव्यापर्यंत पोचते. त्या सर्व्हरचे बिल दर महिन्याला येते, तुमचे पैसे मात्र एकदाच आलेले असतात. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांचा खर्च नव्या गिऱ्हाइकांच्या पैशातून भागवायचा. नवी विक्री मंदावली की पहिली कुऱ्हाड सेवा विभागावर पडते.

अमेरिकेत हे उघड्यावर आले. रिव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र जोडणारा डबा) २९९ डॉलरला, आयुष्यभराच्या सेवेचे वचन देऊन विकला गेला. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद केला. धडधाकट हब त्या दिवसापासून निकामी झाले. विंक कंपनीने मे २०२० मध्ये जेमतेम आठवडाभराची मुदत देऊन दरमहा ४.९९ डॉलर मागितले, नाहीतर सेवा बंद. ओरड झाल्यावर मुदत वाढली, वर्गणी राहिलीच. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये कसलीही सूचना न देता बंद पडले. पुढे तिच्या वापरकर्त्यांपैकीच काहींनी ती विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू झाली, तीही वार्षिक वर्गणी लावून. वस्तू एकदाच विकायची आणि सेवा कायम द्यायची, हे गणित तिन्ही ठिकाणी जुळले नाही.

दुसरे कारण असे की दोष कोणाचा हे ठरत नाही. टीव्ही बिघडला तर तो एका कंपनीचा असतो. इथे दिवा लागला नाही तर दोष दिव्याच्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा), वायरिंगचा, रिलेचा (मॉड्यूलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा), राउटरचा, इंटरनेटचा, ॲपचा किंवा सर्व्हरचा असू शकतो. हेल्पलाइनवरच्या मुलाकडे एक ठरलेली प्रश्नावली असते आणि तिच्यात राउटर बंद-चालू करण्यापलीकडे फारसे काही नसते.

त्यात बोर्ड कंपनीने स्वतः बनवलेला असेलच असे नाही. तुयासारख्या चिनी प्लॅटफॉर्मकडून तयार सर्किट, तयार ॲप आणि सर्व्हर घ्यायचे, वर आपले नाव छापायचे, हा सर्रास चालणारा मार्ग आहे. तो बेकायदा नाही. पण आतल्या प्रोग्राममध्ये चूक असेल तर सेवा विभागाने कितीही मनावर घेतले तरी ती त्याच्या हातून दुरुस्त होत नाही. असे गिऱ्हाईक मग ‘कळवतो’ म्हणून लटकत राहते.

तुमचे ‘निवारण झाले’ हे मेसेज मात्र वेगळ्याच कारणाने येतात. तक्रार किती तासांत बंद झाली हा आकडा वरिष्ठांपुढे जातो. दुरुस्ती झाली का, हे पुष्कळ ठिकाणी कोणी विचारत नाही. तुमचा फोन एकदा लागला नाही की ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो आणि तक्रार बंद होते. तुम्ही पुन्हा नोंदवली की नवा क्रमांक मिळतो आणि मुदत पहिल्यापासून मोजली जाते. म्हणून नवी तक्रार नोंदवू नका. बंद झाल्याचा मेसेज आला त्याच दिवशी जुना क्रमांक लिहून ईमेल करा : ‘कोणीही आले नाही, दोष कायम आहे, हीच तक्रार उघडावी.’ सोबत पॅनल बंद असल्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा. माणूस आलाच तर जॉब शीटवर त्याने काय तपासले, काय बदलले हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या किंवा नुसते ‘ओके’ लिहिलेल्या शीटवरची सही पुढे तुमच्याच विरोधात वापरली जाते.

शेवटचे कारण कटू आहे. तुम्ही जाणार कुठे? त्या पॅनलच्या मापाने भिंतीत खाचा पाडलेल्या आहेत आणि दुसऱ्या कंपनीचे ॲप ती पॅनल ओळखत नाही. अडकलेल्या गिऱ्हाइकाला खूश ठेवण्याची घाई कोणाला नसते. उपाय म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वाचा, पण ते नवे घर बांधणाऱ्यांना अधिक उपयोगी आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बिल्डरने प्रत्येक फ्लॅटमध्ये होम ऑटोमेशन दिले. ताबा मिळून तीन वर्षे झाली. निम्म्याहून अधिक फ्लॅटमध्ये काही ना काही बंद आहे. कंपनी म्हणते, आमचा करार बिल्डरशी होता. बिल्डर म्हणतो, वॉरंटी कंपनीची आहे. दोघांच्या टोलवाटोलवीत काय करावे?
– सोसायटीचे सचिव, बाणेर, पुणे

उत्तर : कंपनी खरे बोलते आहे. तिचे गिऱ्हाईक बिल्डर आहे, पुढच्या प्रकल्पाचे काम तोच देणार आहे. रहिवासी नाराज झाले म्हणून तिचे काही अडत नाही. त्यामुळे तिच्या मागे लागण्यात शक्ती घालवू नका. तुमचे नाते बिल्डरशी आहे आणि त्याला रेरा हा घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे.

रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा करारात कबूल केलेल्या सेवांमधला दोष नजरेस आणून दिला, तर प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) तो ३० दिवसांत कोणताही आकार न घेता दुरुस्त करायचा असतो. तुमची तीन वर्षे झाली आहेत, दोन हातात आहेत.

आधी विक्री कराराचे सुविधांचे परिशिष्ट उघडा. ‘होम ऑटोमेशन’ हे शब्द तिथे आहेत का, कंपनीचे नाव आहे का, वॉरंटीविषयी वेगळे कलम आहे का, ते पाहा. परिशिष्टात उल्लेख नसेल आणि फक्त माहितीपत्रकात असेल तर ते माहितीपत्रक, नमुना फ्लॅटचे फोटो आणि बुकिंगच्या वेळचे ईमेल गोळा करा. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम १२ आहे. वॉरंटी एकच वर्षाची असे करारात लिहिले असेल तर बिल्डर त्यावर बोट ठेवणार, म्हणून नोटिशीचा मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

मग फ्लॅटवार तक्ता करा. फ्लॅट क्रमांक, खोली, मॉड्यूल, काय बंद आहे, कधीपासून, आधीचे तक्रार क्रमांक. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून त्यातल्या निदान दहा फ्लॅटची तपासणी करून सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. अहवालात वायरिंगमध्ये न्यूट्रल व अर्थिंग ठीक आहे का आणि मॉड्यूल थेट पुरवठ्यावर चालते का, या दोन गोष्टी स्वतंत्र लिहायला सांगा. ‘तुमच्या सभासदांनी वायरिंगमध्ये ढवळाढवळ केली’ हा बिल्डरचा पहिला बचाव असतो आणि त्याला हे उत्तर आहे. त्यानंतर सोसायटीच्या लेटरहेडवर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह नोटीस पाठवा आणि प्रत कंपनीलाही द्या. ३० दिवसांत काही झाले नाही तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. एकेका सभासदाने फोन करत बसण्यापेक्षा साठ फ्लॅटचा एक तक्ता बिल्डरला जड जातो. त्याच्या पुढच्या प्रकल्पाची विक्री त्याच भागात चालू असते.

प्रश्न : तंत्रज्ञ आला की पाच मिनिटांत सांगतो, ‘ताई, तुमचं वायफाय वीक आहे.’ इंटरनेटवाला सांगतो, नेट व्यवस्थित आहे. खरे कोण बोलतो हे मला घरच्या घरी कळेल का?
– गृहिणी, ठाणे

उत्तर : कळेल, आणि कळायलाच हवे. या एका वाक्यावर हजारो तक्रारी बंद होतात. पुढची तपासणी तासाभरात होते, कोणतेही यंत्र लागत नाही.

आधी फोन बाजूला ठेवा आणि बिघडलेले बटण हातानेच दाबा. भिंतीवरच्या बटणानेही दिवा लागत नसेल तर वायफायचा संबंधच नाही, दोष मॉड्यूलमध्ये, वायरिंगमध्ये किंवा दिव्यात आहे. बटण दाबताना आतून ‘टिक्’ असा आवाज येतो का, कान लावून ऐका. आवाज येतो पण दिवा लागत नाही, तर रिलेचे टोक जळालेले असण्याची शक्यता मोठी (दिवा दुसरीकडे लावून पाहा म्हणजे खात्री होईल). दिवा लागतो पण बंदच होत नाही, तर रिलेचे टोक चिकटले आहे. आवाजच नाही आणि मॉड्यूलवरचा छोटा दिवाही विझलेला, तर आतला वीजपुरवठा गेला. हे शेवटचे आपल्याकडे फार होते. बंद बॉक्समध्ये उष्णता साठते, आतला कपॅसिटर सुकतो, आणि वीज जाऊन येताना बसणारा झटका उरलेले काम करतो.

रिले चिकटण्याचे कारण बहुधा बसवणाऱ्याने भार नीट न मोजणे हे असते. ९ वॉटचा एलईडी दिवा चालताना फार थोडा करंट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याचा ड्रायव्हर कित्येक पटींनी जास्त ओढतो. फॉल सीलिंगमधले दहा-बारा दिवे एकाच रिलेवर दिले की वॉटची बेरीज शंभरच्या आसपास दिसते आणि सगळे आलबेल वाटते, पण प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि काही महिन्यांत टोक वितळते. दिवे दोन-तीन रिलेंवर वाटून देणे हा साधा उपाय आहे. गीझरचेही तसेच. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, ३,००० वॉटचा १३. त्यांना १६ अँपिअरचे वेगळे मॉड्यूल लागते. पाण्याची मोटर तर मॉड्यूलवर थेट देऊच नये, मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त भार पेलणारा मोठा रिले) हवा.

बटण बंद असतानाही एलईडी मिणमिणतो, अशी तक्रार असेल तर तुमच्या स्विचबोर्डात न्यूट्रल वायर नाही आणि विना-न्यूट्रल मॉड्यूल बसवले आहे, असे समजा. ते स्वतःला लागणारी वीज दिव्यातूनच ओढते. दिव्याजवळ समांतर बायपास कपॅसिटर लावला की मिणमिणणे थांबते. तो बहुधा कंपनीच देते, फक्त बसवणारा विसरतो. पंखा मॉड्यूलवर हळू आणि थेट जोडल्यावर नीट फिरत असेल तर मॉड्यूलमधले कपॅसिटर उतरले आहेत. पंखा बीएलडीसी (कमी विजेवर, रिमोटने चालणारा) असेल तर मात्र त्याला मॉड्यूलच्या वेगनियंत्रणावर देणेच चूक. त्याला पूर्ण पुरवठा द्यायचा आणि वेग त्याच्या स्वतःच्या रिमोटने बदलायचा.

भिंतीवरून चालते पण फोनवरून चालत नाही, असे असेल तर आता वायफायकडे वळा. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, फोन घरच्या वायफायवर ठेवा. मग राउटर चालू ठेवून फक्त इंटरनेट तोडा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्याची वीज काढा. राउटर आणि डबा एकच असेल तर फायबरची पिन हलक्या हाताने काढा, वायर दुमडू नका, टोकाला बोट लावू नका. आता ॲपमधून दिवा लागला तर तुमची यंत्रणा घरातल्या घरात चालते. लागला नाही तर ती सर्व्हरवर अवलंबून आहे, आणि ‘कधी चालते कधी नाही’ यामागे कंपनीचा सर्व्हरही असू शकतो. हे त्या तंत्रज्ञाला नेमके विचारा.

सिग्नल मोजायला अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर जातीचे कोणतेही ॲप घ्या आणि फोन स्विचबोर्डाला टेकवून धरा. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरे असेल, म्हणजे उणे ६०, उणे ५०, तर सिग्नल चांगला. उणे ७५ च्या खाली गेला तर तंत्रज्ञ खरे बोलतो आहे. बोर्डाचा बॉक्स लोखंडी असेल तर मॉड्यूलला फोनपेक्षाही कमी सिग्नल मिळतो, हे धरून चाला.

राउटरच्या तीन सेटिंग पाहा. यांतली बहुतेक मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर २.४ आणि ५ यांना एकच नाव देत असेल तर दोन्हीची नावे वेगळी करा. चॅनल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा. इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिल्यावर सगळे घर बंद पडले असेल तर घाबरू नका. नव्या राउटरला जुन्याच वायफायचे नाव आणि पासवर्ड तंतोतंत द्या, मॉड्यूल बहुधा आपणहून जोडली जातात.

आणि वीज जाऊन आली की पॅनल बंद पडतात, ही तक्रार असेल तर : मॉड्यूल काही सेकंदांत उठते, राउटरला दोन-तीन मिनिटे लागतात. काही मॉड्यूल तेवढ्यात वायफाय शोधून थकतात आणि पुन्हा प्रयत्न करत नाहीत. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा (राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या). पण हा प्रोग्राममधला दोष आहे, कंपनीने तो सुधारायला हवा. तो तुमच्या वायफायच्या माथी मारला जात असेल तर लेखी हरकत घ्या.

तपासणीचे निकाल तारीख-वेळ घालून कागदावर उतरवा आणि तक्रारीसोबत पाठवा. ‘चालत नाही’ असे लिहिणाऱ्याला प्रश्नावली मिळते. ‘भिंतीवरून टिक् आवाज येतो, दिवा लागत नाही, दिवा दुसरीकडे लागतो’ असे लिहिणाऱ्याला सुटा भाग घेऊन माणूस पाठवणे कंपनीलाही सोपे जाते. तिची एक फेरी वाचते, आणि तुमचा नंबर वर लागतो. बॉक्स उघडायचा झाला तर एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, वायरमनकडूनच.

प्रश्न : गूगलवर एक तारा देऊन तक्रार लिहिली, तर कंपनीचा दुसऱ्या दिवशी फोन आला : ‘आधी रिव्ह्यू काढा, मग मॉड्यूल बदलून देतो.’ काढावा का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी काढू नका. मॉड्यूल बदलून पंधरा दिवस नीट चालल्यावर त्याच रिव्ह्यूमध्ये ‘अमुक तारखेला बदलून दिले’ अशी भर घाला. ही अट त्यांनी फोनवर घातली असेल तर ईमेलवर लिहून द्यायला सांगा. बहुतेक वेळा ईमेल येत नाही, माणूस येतो. ‘माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ अशा छापील कागदावर दुरुस्तीआधी सही करू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. तिथे वापरत असलेल्याच कंपनीचे झेड-वेव्ह (वायफायऐवजी वेगळ्या रेडिओ लहरींवर चालणारे) स्विच सांगलीला आई-वडिलांच्या घरी बसवायला आणले. एक स्विच जळला. कंपनी म्हणते, भारतात वॉरंटी लागू नाही. ही टाळाटाळ नव्हे का?
– वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. इथे कंपनीचे बरोबर आहे. अमेरिकेतले भिंतीतले स्विच १२० व्होल्टसाठी बनतात. २३० व्होल्टवर त्यांचा आतला पुरवठा जळणारच, आणि आगीचा धोका वेगळा. उरलेले लगेच काढा. शिवाय अमेरिकेतले झेड-वेव्ह ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालते, भारतातले ८६५.२ वर. त्यामुळे तिकडचे स्विच इकडच्या हबशी बोलणार नाहीत, आणि तिकडचा हब इथे वापरणे नियमात बसत नाही. झिगबी हा तसाच दुसरा रेडिओ-प्रकार सगळीकडे २.४ गिगाहर्ट्झवर आहे, म्हणून बॅटरीवर चालणारे झिगबी सेन्सर आणायला हरकत नाही. प्लगमधले वायफाय उपकरण आणायचे तर त्यावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले हवे. आई-वडिलांच्या घरी तक्रार ऐकायला सांगली-कोल्हापुरात माणूस असलेल्या कंपनीचाच माल घ्या. लांबून फोन करून वृद्ध माणसांना पॅनल रीसेट करायला लावणे त्रासाचे होते.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या सहा मॉड्यूलचे ॲप अचानक बंद झाले. कंपनीचा फोन लागत नाही. रक्कम २१,००० रुपये. एवढ्यासाठी कोर्टात जाणे परवडेल का?
– शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ग्राहक आयोगात जायला परवडेल. पण त्याआधी मॉड्यूल वाचतात का पाहा. ती तुया प्लॅटफॉर्मवरची असतील तर ‘स्मार्ट लाइफ’ या ॲपवर बहुधा पुन्हा नोंदवता येतात. मॉड्यूलचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरून दिवा झपाट्याने लुकलुकू लागला की नव्या ॲपमध्ये जोडा. आत ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ चिप असेल तर टास्मोटा किंवा ईएसपीहोम हा मुक्त प्रोग्राम घालून ती कंपनीच्या सर्व्हरशिवायही चालवता येतात. हे काम जाणकाराकडून करून घ्या. अशा बोर्डांचा पुरवठा पुष्कळदा मुख्य विजेपासून विलग नसतो, म्हणून मॉड्यूल मेन्सला जोडलेले असताना त्याला संगणकाची केबल लावली तर माणूस आणि संगणक दोन्ही जातील. प्रोग्राम घालताना मॉड्यूल भिंतीबाहेर, मेन्सपासून पूर्ण सुटे आणि वेगळ्या ३.३ व्होल्टवर हवे.

आता पैशांचे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे विक्रीच्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. त्याचे नाव संकेतस्थळाच्या तळाशी सापडते, त्याला ईमेल करा. सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ती निकाल देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते आणि छोट्या रकमेच्या पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात.

तिथे दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी बंगळूरला असली तरी. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोष उद्भवल्यापासून दोन वर्षे, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. इथेच फार जणांचे घोडे अडते, ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ ऐकण्यात दोन वर्षे निघून जातात. बिल, वॉरंटी कार्ड, विक्रीच्या पानाचे ‘ॲपवरून कुठूनही चालवा’ असे लिहिलेले स्क्रीनशॉट, ॲप बंद असल्याचा व्हिडिओ, सगळे ईमेल आणि एक प्रतिज्ञापत्र जोडा. मागणी नेमकी लिहा : किंमत परत, बसवण्याची मजुरी, नवे बसवण्याचा खर्च, त्रासापोटी अमुक रक्कम. प्रतिवादींत बनवणारी कंपनी आणि विक्रेता दोघांचीही नावे घाला.

प्रश्न : साताऱ्याजवळ बंगला बांधतो आहोत, स्लॅब झाला आहे. होम ऑटोमेशन करायचे आहे, पण लोकांचे अनुभव ऐकून धीर होत नाही. आधी काय काळजी घ्यावी?
– वाचक, सातारा

उत्तर : वेळ उत्तम निवडली आहे, कारण सगळ्यात स्वस्त काळजी प्लास्टरच्या आधी घेता येते. प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आणून ठेवा आणि बॉक्स किमान ५० मिलिमीटर खोलीचे घ्या. खर्च थोडा वाढतो, पण मग कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल बसते आणि एकाच कंपनीला बांधून राहावे लागत नाही. टच पॅनलचा मोह आवरा. नेहमीची मॉड्युलर बटणे ठेवून त्यांच्या मागे बसणारी मॉड्यूल घ्या. उद्या कंपनी बुडाली तर वायरमन अर्ध्या तासात मॉड्यूल काढून बटण थेट जोडून देतो, भिंतीला हात लावावा लागत नाही. वायरिंगचा नकाशा आणि कोणत्या रिलेवर किती दिवे याचा तक्ता कागदावर मागून घ्या, कारण बसवणारा मुलगा सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरी करत असतो.

पसंत केलेला माल कंपनीच्या शोरूममध्ये चालवून पाहा आणि इंटरनेट बंद करून पुन्हा चालवायला सांगा. चालला नाही तर घेऊ नका. मॅटर हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, त्यावर चालणारी उपकरणे स्थानिक जाळ्यावरच बोलतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये जोडता येतात. शक्य तिथे ती घ्या. होम असिस्टंट या मुक्त प्रणालीत तो माल चालतो का, हेही विचारा. तुम्ही ती आज वापरणार नसलात तरी चालेल, पण विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर त्याच्या ज्ञानाचा अंदाज येतो.

सेवा किती वर्षे मिळणार हे कंपन्या सांगत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १८४ स्मार्ट उपकरणे तपासली, तेव्हा सुमारे ८९ टक्के उपकरणांच्या संकेतस्थळांवर अपडेट किती काळ मिळतील याचा उल्लेखच नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून तो जाहीर करणे सक्तीचे केले. तुम्ही कोटेशनवरच लिहून घ्या : ॲप व सर्व्हर किमान अमुक वर्षे विनाशुल्क, सुटे भाग अमुक वर्षे, तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, वॉरंटीनंतर एका फेरीचा दर किती, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बदली मॉड्यूलची किंमत धरली आहे का. फेरीचा दर ठरवून देण्याचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. कंपनीला येण्याचे पैसे मिळणार असतील तर ती येते. फुकट सेवेचे तोंडी वचन घेण्यापेक्षा सहाशे-सातशे रुपयांची ठरलेली फेरी गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाची आहे.

पैसे असे द्या : ऑर्डरला ४० टक्के, माल घरी आल्यावर ३०, सगळे चालू झाल्यावर २०, आणि उरलेले १० टक्के ९० दिवसांनी. बहुतेक चुकीचे भार, सैल वायरी आणि वायफायच्या अडचणी या ९० दिवसांत उघड होतात, आणि कंपनीचे पैसे अडकलेले असताना माणूस त्याच दिवशी येतो. विक्रेता १० टक्क्यांना तयार नसेल तर ५ वर या, शून्यावर येऊ नका. शेवटचा हप्ता देताना चार गोष्टी हातात आल्याची खात्री करा : मुख्य खाते तुमच्या ईमेल आणि मोबाइल क्रमांकावर, डीलरच्या खात्यावर नव्हे, प्रत्येक मॉड्यूलच्या जोडणीचा कोड किंवा क्यूआर स्टिकरचा फोटो, सर्वाधिक वापराच्या प्रकारातली दोन मॉड्यूल सुटी, खोक्यासह, आणि मॉड्यूल काढून बटण थेट कसे जोडायचे, हे तुमच्या नेहमीच्या वायरमनला एकदा प्रत्यक्ष दाखवून घेतलेले.